घरात मंद, मंडपात खणखणीत : गिटारसाठीची नवी पेटी

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वसलेले कौंडण्यपूर हे प्राचीन विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वपरिचित आहे. येथून आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची मानली जाते. कार्तिकात येथे मोठी यात्रा भरते. याच तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगावी पोहोचली. या परिसराचा कान टाळ, मृदंग, खंजिरी आणि बाजाची पेटी यांवर पोसलेला आहे. ही सारी वाद्ये आपला आवाज आपल्यासोबत घेऊन येतात. टाळ जेथे वाजतो तेथेच त्याचा आवाज पूर्ण असतो. त्याला ना वायर लागते, ना वीज.

गेल्या काही दशकांत या वाद्यांच्या शेजारी गिटार येऊन बसली आहे. विवाहातील संगीत संध्या, भक्तिसंध्या, गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रा, शाळेचे स्नेहसंमेलन, कोठेही पाहिले तरी व्यासपीठाच्या एका बाजूला इलेक्ट्रिक गिटार घेतलेला एक तरुण हमखास दिसतो. अमरावती, अकोला, धामणगाव, आर्वी येथील अनेक व्यापारी कुटुंबांतील मुले-मुलीही आता हे वाद्य शिकू लागली आहेत. परंतु या वाद्याचा स्वभाव टाळ-मृदंगासारखा नाही. इलेक्ट्रिक गिटारचे अर्धे वाद्य तिच्या बाहेर, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये असते. ते अर्धे वाद्य घरात ठेवायचे कसे आणि गावोगावी न्यायचे कसे, हा प्रश्न वाद्य विकत घेतल्यानंतर लवकरच कुटुंबापुढे उभा राहतो.

व्यापारी कुटुंबाचे घर बहुधा बाजारपेठेत असते. खाली दुकान, वर राहते घर, भिंतीला भिंत लागून शेजारी. पहाटे आजीची सामायिक, दुपारी आजोबांची विश्रांती, संध्याकाळी धाकट्यांचा अभ्यास. मुलाला सरावासाठी वेळ मिळतो तो बहुधा रात्री दुकान वाढवल्यावर, आणि नेमका तोच वेळ घरातील शांततेचा असतो. अशा घरात गिटार हे वाद्य दोन-तीन वर्षांत एक तर भांडणाचे कारण होते, नाही तर कपाटावर जाऊन बसते. ‘डिजिटल ॲम्प मॉडेलर’ या नावाने ओळखली जाणारी एक लहानशी पेटी या अडचणीतून मार्ग काढू शकते. तिची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचा येथे विचार केला आहे.

ॲम्प्लिफायर हेही वाद्यच

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत नेण्याचे काम ॲम्प्लिफायर करतो. एवढेच असते तर भजनी मंडळाच्या माइकसाठी वापरला जाणारा कोणताही ॲम्प्लिफायर चालला असता. पण तसे होत नाही. गिटार सरळ मंडपाच्या साउंड सिस्टीमला जोडली तर आवाज कोरडा, किरकिरा आणि टोचणारा येतो.

याचे कारण इतिहासात आहे. अमेरिकेत फेंडर, इंग्लंडमध्ये व्हॉक्स आणि १९६२ पासून लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानातून बाहेर पडलेले मार्शल हे ॲम्प्लिफायर निर्वात नळ्यांवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा व्हॉल्व्हवर चालत. या व्हॉल्व्हवर त्यांच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पडला की आवाजाची लहर वरून दबली जाते आणि तिच्यात नवे स्वर मिसळतात. अभियंत्याच्या दृष्टीने तो दोष. वादकांच्या कानाला मात्र तो गोड लागला. त्यातच गिटारसाठी वापरले जाणारे बारा इंची स्पीकर फार उंच स्वर वाजवूच शकत नाहीत, त्यामुळे टोचणारा भाग आपोआप गाळला जातो. तार, व्हॉल्व्ह आणि स्पीकर या तिघांनी मिळून जो आवाज घडवला, त्यालाच जग ‘इलेक्ट्रिक गिटारचा आवाज’ म्हणू लागले. या अर्थाने ॲम्प्लिफायर हा वाद्याचाच एक भाग ठरतो.

अडचण अशी की, व्हॉल्व्हवर भार पडण्यासाठी आवाज मोठा ठेवावाच लागतो. तीस वॅटचा व्हॉक्स बंद खोलीत पूर्ण क्षमतेने वाजवला तर शेजारच्या घरातील भांडीही थरथरतील. त्याचे वजन तीस किलोंच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याहून अधिक. आवाज कमी केला तर त्याचा पोत बिघडतो आणि पोत राखायचा तर आवाज वाढवावा लागतो. पोत आणि पातळी यांची ही गाठ कित्येक दशके सुटली नव्हती.

नकलेची जुनी परंपरा

एका वाद्याने दुसऱ्या वाद्याचा आवाज काढणे हे काही आजचे नाही, आणि त्यातील एक ठळक उदाहरण एका कच्छी व्यापारी कुटुंबातीलच आहे. वीरजी शहा कच्छमधून मुंबईला आले आणि त्यांनी किराणा दुकान थाटले. दुकानाची उधारी फेडू न शकलेल्या एका गृहस्थाने त्या बदल्यात वीरजींच्या मुलांना संगीत शिकवले, असे सांगितले जाते. ती मुले म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या नावाने गाजलेली संगीतकार जोडी. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात हेमंतकुमार यांच्या संगीतात जी पुंगी घरोघरी पोहोचली, ती गारुड्याची पुंगी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन या विजेवर चालणाऱ्या परदेशी वाद्यावर वाजवली होती. फ्रान्समध्ये १९४७ च्या सुमारास तयार झालेल्या या वाद्यातून नागाला डोलवणारा आवाज निघेल, असे ते बनवणाऱ्याच्या मनातही आले नसेल.

अशा नव्या वाद्यांकडे संशयाने पाहण्याची रीतही तितकीच जुनी आहे. आज ज्या हार्मोनियमशिवाय वऱ्हाडातील एकही भजन उभे राहत नाही, तिला आकाशवाणीने १९४० मध्ये दार बंद केले होते. तिच्या ठरावीक पट्ट्यांतून मींड आणि सूक्ष्म श्रुती निघत नाहीत, हा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. तीन दशकांनंतर, १९७१ मध्ये ही बंदी शिथिल होऊ लागली. दरम्यान भजनी मंडळांनी पेटीच्या मर्यादा ओळखून तिला आपलेसे केले होते. गिटारच्या नव्या पेटीविषयी विचार करताना हा अनुभव उपयोगी पडावा.

पेटीचा जन्म

गिटारचा मोठा आवाज लहान पेटीत आणण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेतील टॉम शोल्झ यांनी केला. ‘बोस्टन’ या वाद्यवृंदाचे हे गिटारवादक शिक्षणाने यंत्र अभियंता होते आणि पोलरॉइड या कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते. १९७६ मध्ये आलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे बरेचसे काम त्यांनी आपल्या घराच्या तळघरात केले. पुढे १९८२ मध्ये त्यांनी ‘रॉकमन’ नावाची, हेडफोन लावून ऐकण्याची छोटी पेटी बाजारात आणली. कमरेला अडकवून घरभर हिंडावे, गिटार वाजवावी आणि कोणालाही ऐकू जाऊ नये, अशी ती सोय होती.

रॉकमन जुन्या पद्धतीच्या विद्युत् मंडलावर चालत असे. त्यानंतर संगणकी पद्धत आली. जपानच्या रोलंड कंपनीने १९९५ मध्ये या प्रकारचे एक यंत्र आणले. १९९८ मध्ये अमेरिकेतील लाइन सिक्स कंपनीचा लाल रंगाचा, मूत्रपिंडाच्या आकाराचा ‘पॉड’ आला आणि ही कल्पना सामान्य वादकापर्यंत पोहोचली. २००६ मध्ये फ्रॅक्टल कंपनीचा ॲक्स-एफएक्स, २०११ मध्ये जर्मनीतील केम्पर, २०१५ मध्ये लाइन सिक्सचाच हीलिक्स आणि त्यानंतर फिनलंडच्या न्यूरल डीएसपी कंपनीचा क्वाड कॉर्टेक्स, असा हा प्रवास आहे. यांपैकी केम्परची रीत वेगळी आहे. खऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये ठरावीक संकेत सोडायचे, बाहेर काय येते ते माइकने ऐकायचे आणि त्या ॲम्प्लिफायरचा जणू अंगठ्याचा ठसा उमटवून घ्यायचा, अशी ती पद्धत आहे.

आतील काम समजण्यास अवघड नाही. गिटारकडून आलेली लहर यंत्र सेकंदाला सुमारे अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजते आणि आकड्यांत बदलते. मग त्या आकड्यांवर क्रमाने गणित केले जाते : आधी व्हॉल्व्हचे, मग स्वर कमी-अधिक करणाऱ्या बटणांचे, मग स्पीकरच्या पेटीचे आणि शेवटी प्रतिध्वनीसारख्या परिणामांचे. नंतर आकड्यांची पुन्हा लहर होते. या साऱ्याला काही मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन मिलिसेकंदांत एक मीटर. ॲम्प्लिफायरपासून एक-दोन पावले दूर उभे राहिल्यास जेवढा विलंब होतो, तेवढाच या पेटीत होतो. बहुतेक वादकांना तो जाणवत नाही.

या गणितात व्हॉल्व्हवरील भाराचा हिशेब एका ठिकाणी होतो आणि बाहेर जाणाऱ्या आवाजाची पातळी दुसऱ्याच बटणावर ठरते. मार्शलचा भरदार आवाज आता हेडफोनमध्ये कुजबुजीएवढा ऐकता येतो आणि तोच मंडपात हजार माणसांपुढे वाजवता येतो. शेकडो ध्वनींच्या यादीपेक्षा पोत आणि पातळी यांची ही फारकत अधिक मोलाची आहे. या यंत्राचा खरा लाभ हाच होय.

घरातील वापर

घरी वापरताना पहिला प्रश्न हेडफोनचा येतो. बिनवायरचे ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकण्यास उत्तम. पण त्यांतील विलंब सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. तार छेडल्यावर आवाज मागाहून येतो आणि सराव करणाऱ्याचा ठेका चुकतो. म्हणून सरावासाठी वायरचेच हेडफोन घ्यावेत. बरोबर वाजवण्यासाठी तबल्याचा ठेका किंवा मूळ गाणे मोबाइलवरून यंत्रात सोडण्याची सोय असावी. ती बहुतेक यंत्रांत असते.

दुसरा प्रश्न कानांचा आहे आणि तो पालकांनी गांभीर्याने घ्यावा. घराला शांतता मिळाली म्हणजे मुलाच्या कानाला मिळाली, असे नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत सहन करावा, असे प्रमाण अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवले आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे. चक्रवाढ व्याज समजणाऱ्या घराला हे कोष्टक वेगळे समजावून सांगायला नको. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हेडफोन लावलेला असताना समोरच्या व्यक्तीने जरा मोठ्याने मारलेली हाक ऐकू यावी, एवढीच पातळी ठेवावी. तासाभराने दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत. कानात शिट्टीसारखा आवाज घुमू लागला तर त्या दिवशीचा सराव थांबवावा.

तिसरी गोष्ट निवडीची. या यंत्रांत ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि परिणाम यांचे शेकडो पर्याय असतात. नवा वादक महिनोन्‌महिने ते चाळत बसतो आणि बोटांचा सराव बाजूला राहतो. दुकानात न खपणारा माल भरून ठेवला तर जागाही अडते आणि भांडवलही अडकते, तसेच हे आहे. वऱ्हाडातील ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यास चार आवाज पुरे होतात : जुन्या चित्रपटगीतांसाठी स्वच्छ आवाज, भावगीत व भक्तिगीतांच्या मागे वाजणारा किंचित घुमणारा मऊ आवाज, नव्या गाण्यांसाठी भरदार आवाज आणि एकल वादनासाठी थोडा लांबणारा आवाज. १९८० च्या ‘कर्ज’ चित्रपटातील गोरख शर्मा यांनी वाजवलेल्या गिटारच्या धुनेची फर्माईश आजही प्रत्येक ऑर्केस्ट्रात होते. ती या चारांतूनच निभते. पहिल्या वर्षी या चारांपलीकडे जाऊ नये.

मंडपातील वापर

घरी कष्टाने जुळवलेला आवाज मंडपात गेल्यावर बेसूर वाटतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. दोष यंत्राचा नसतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, मंद पातळीवर मानवी कानाला खर्जातील स्वर कमी ऐकू येतात. म्हणून घरी हळू आवाजात वाजवताना वादक खर्ज वाढवून ठेवतो. मंडपात तीच रचना मोठ्या स्पीकरवर गेली की खर्ज घुमू लागतो आणि ढोलकीत मिसळून सारा गोंधळ होतो. यावर उपाय एकच. कार्यक्रमासाठीचे आवाज कार्यक्रमाच्या पातळीवरच जुळवावेत आणि घरच्यासाठी वेगळी प्रत जतन करून ठेवावी. त्यासाठी एखाद्या दुपारी मंडळाच्या साउंडवाल्याला विनंती करून त्याच्या गोदामात अर्धा तास मोठ्या स्पीकरवर वाजवून पाहावे. चारही आवाजांची पातळी सारखी ठेवावी. एकल वादनाचा आवाज तेवढा किंचित वर असावा.

साउंडवाल्याशी सौजन्याचे नाते असणे हे अर्धे यश होय. पूर्वी गिटारच्या ॲम्प्लिफायरपुढे माइक लावावा लागे आणि त्यात शेजारच्या ढोलकीचा आवाजही शिरे. आता यंत्रातून एक केबल थेट मिक्सरला जाते. ती तीन पिनांची, साउंडवाले जिला एक्सएलआर म्हणतात ती असावी; लांब अंतरावर तिच्यात गुणगुण कमी येते. केबल जोडताना मिक्सरवरील त्या चॅनेलचा आवाज पूर्ण खाली असावा आणि माइकला वीज पुरवणारे ‘फँटम’ बटण बंद असावे. यंत्रातील स्पीकरच्या पेटीचा परिणाम मात्र चालू ठेवावा. तो बंद राहिला तर पुन्हा तोच किरकिरा आवाज येतो. उलट, यंत्र गिटारच्या खऱ्या ॲम्प्लिफायरला जोडायचे असेल तर हा परिणाम बंद करावा.

व्यासपीठावर मागे ॲम्प्लिफायर नसल्याने वादकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, हा या पद्धतीचा दोष आहे. साउंडवाल्याकडे मॉनिटर मागावा. तो मिळण्याची खात्री नसेल तर स्वतःचा लहान स्पीकर न्यावा किंवा एका कानात वायरचा इअरफोन लावावा.

पातळी हाती आल्याचा लाभ श्रोत्यांनाही मिळतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत खुल्या जागी ध्वनिवर्धकास मनाई आहे. शासनाने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच त्यात सवलत मिळते. कार्यक्रम दहाला संपवावा लागणारच असेल तर आधीचा वेळ आवाज जुळवण्यात दवडणे कोणासही परवडणारे नाही. जगातील अत्यंत कर्कश मानल्या जाणाऱ्या मेटॅलिका या वाद्यवृंदाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकावर, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तेथील निसर्गाला बाधा होऊ नये म्हणून एकही भोंगा न लावता सुमारे १२० श्रोत्यांना हेडफोन देण्यात आले. मोठा आवाज हा संगीताचा अपरिहार्य भाग नाही, हे त्या कार्यक्रमाने दाखवून दिले.

वीज, अर्थिंग आणि उन्हाळा

गावाकडील कार्यक्रमात यंत्रापेक्षा वीज अधिक दगा देते. जनरेटर बदलताना क्षणभर वीज गेली तरी संगणकी यंत्र बंद पडते आणि पुन्हा सुरू होण्यास वेळ घेते. तेवढ्यात गाण्याचे एक कडवे निघून जाते. संगणकासाठी वापरला जाणारा लहान यूपीएस बरोबर नेल्यास ही नामुष्की टळते. यंत्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. वऱ्हाडातील मे महिन्यात बंद गाडीचे तापमान यंत्राच्या पडद्याला सोसत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न जिवाचा आहे. गिटारच्या तारा केबलमार्गे यंत्राच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि गायकाच्या ओठाजवळचा माइक साउंड सिस्टीमच्या अर्थिंगला. या दोहोंपैकी एका ठिकाणी अर्थिंग नसेल किंवा वायरिंग उलटे असेल, तर तार हातात असताना माइकला ओठ लागताच विजेचा धक्का बसू शकतो. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून व्यासपीठावरच मृत्यू झाला. आपल्याकडे मंडपातील ओली जमीन आणि तात्पुरती वायर पाहता हा धोका दूरचा मानू नये. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती घातक आहे. त्यासाठी बहुतेक यंत्रांवर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे स्वतंत्र बटण असते, तेच वापरावे. वादनापूर्वी मंडळाच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेण्यात कोणताही संकोच नसावा, आणि कोणत्याही कुटुंबाने आपल्या मुलाला ही चौकशी न करता व्यासपीठावर पाठवू नये.

परदेशातील आप्तांकडून यंत्र मागवणारी कुटुंबेही बरीच आहेत. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर चिंता नाही. तसे नसेल तर ते यंत्र येथे जोडताच जळेल. शिवाय तिकडच्या हमीपत्राचा येथे बहुधा उपयोग होत नाही, हेही लक्षात घ्यावे.

खर्चाचा ताळेबंद

लहान यंत्रे काही हजारांत मिळतात, तर नामांकित मोठी यंत्रे लाखाच्या पुढे जातात. किंमत पाहून घाबरणे किंवा हौसेपोटी सर्वांत महागडे घेणे, दोन्ही अव्यवहारी होय. उदाहरणादाखल साठ हजारांचे यंत्र घेतले आणि पाच वर्षांनी त्याचे पंधरा हजार आले असे धरू. पंचेचाळीस हजारांची झीज पाच वर्षांत, म्हणजे महिन्याला साडेसातशे रुपये. महिन्यातून वीस दिवस सराव आणि दोन कार्यक्रम होत असतील तर प्रत्येक वापरामागे सुमारे चौतीस रुपये पडतात. तेच यंत्र महिन्यातून दोनदाच उघडले तर प्रत्येक वेळेस पावणेचारशे. यंत्र महाग की स्वस्त हे किमतीच्या चिठ्ठीवर ठरत नाही. ते वापराच्या खतावणीत ठरते.

तथापि एक भेद ध्यानात ठेवावा. साठच्या दशकातील चांगला व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आजही उघडून दुरुस्त करता येतो आणि त्याला बाजारात भाव आहे. संगणकी यंत्राची गत मोबाइलसारखी असते. नवे आले की जुन्याची किंमत उतरते आणि आतील मुख्य पट्टी बिघडली तर कौंडण्यपूरला सोडाच, अमरावतीलाही ती दुरुस्त होईलच असे नाही. म्हणून याकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. हे झिजणारे साधन आहे. जुळवलेल्या आवाजांची एक प्रत घरच्या संगणकावर जतन करावी, जोड-केबल बरोबर ठेवावी आणि यंत्र ऐनवेळी बंद पडले तर गिटार सरळ मिक्सरला जोडून, उंच स्वर कमी करून कार्यक्रम कसा निभावायचा, हेही एकदा करून पाहावे.

जे पेटीत नसते

हार्मोनियमवरील आक्षेपात तथ्य होते, तसेच येथेही आहे. मोठ्या ॲम्प्लिफायरपुढे उभे राहिल्यावर त्याच्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा थरथरू लागतात आणि स्वर लांबत जातो. तो अनुभव हेडफोनमध्ये येत नाही. सतत एकट्याने, कान झाकून सराव करणाऱ्या मुलाला इतरांचे ऐकून वाजवण्याची सवय लागत नाही, ही उणीव त्याहून मोठी. भजनी मंडळात बसणारा मुलगा पेटीवाल्याच्या इशाऱ्यावर थांबायला आणि टाळाच्या लयीत राहायला आपोआप शिकतो. गिटार शिकणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी हेडफोन काढून, लहान स्पीकरवर, तबला-ढोलकी वाजवणाऱ्या सोबत्यांबरोबर बसावे. घरातील मोठ्यांनीही त्या तासाभराच्या आवाजाला मोकळ्या मनाने परवानगी द्यावी.

यंत्र घेण्यापूर्वी मुलाने आपली गिटार आणि आपले हेडफोन घेऊन अमरावती किंवा नागपूरच्या दुकानात जावे आणि दोन-तीन यंत्रांवर तेच एक गाणे वाजवून पाहावे. प्रारंभ लहान यंत्राने करावा. वर्षभर नियमित सराव झाला, दोन-चार कार्यक्रम निर्विघ्न पार पडले, तर मोठ्या यंत्राचा विचार जरूर व्हावा. वर्षभरात लहान यंत्रही धूळ खात पडले असेल तर नुकसान थोडक्यात आटोपले, असे समजून ते एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला द्यावे. कौंडण्यपूरच्या परिसरात असा विद्यार्थी शोधावा लागणार नाही.